किल्ल्यांच्या जुडग्यातली बॅटरी

हातात धरायच्या विजेच्या दिव्याला इंग्रज 'टॉर्च' म्हणतो, म्हणजे मशाल. अमेरिकन माणूस 'फ्लॅशलाइट' म्हणतो, म्हणजे क्षणभर चमकून जाणारा उजेड. आपल्याकडेही शब्दकोशात 'विजेरी' असा गोड शब्द आहे. पण घरात, शेतात, एसटी स्टँडवर आपण सगळे काय म्हणतो? बॅटरी! "जरा इकडे बॅटरी मार रे", "अंधार आहे, बॅटरी घेऊन जा." दिव्याला दिव्याचं नाव न देता आपण त्याच्या पोटातल्या सेलचं नाव देऊन टाकलं. शुद्ध मराठीवाले यावर नाकं मुरडतात. मला मात्र वाटतं, लोकांनीच बरोबर नाव दिलंय. या वस्तूचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर तो दिव्याचा कमी आणि सेलचाच जास्त आहे.

हे सगळं आठवायला निमित्त असं की, गेल्या वर्षभरात नात्यातल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. किल्ल्यांना अडकवायची छोटीशी बॅटरी घ्यायची आहे, कोणती घेऊ? एकीला हॉस्टेलवर न्यायला हवी आहे, एकाला शेतावरच्या घरी, आणि तिसरे माझ्याच वयाचे गृहस्थ आहेत, रात्री दोनदा उठावं लागणारे. इंटरनेटवर पाहिलं तर म्हणे सगळीकडे ल्यूमेन, ल्यूमेन आणि ल्यूमेन. तिघांना वेगवेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा म्हटलं, इथेच सविस्तर लिहावं. मी इतिहासाचा मास्तर, त्यामुळे उत्तर थोडं लांबून येईल. सवयीचा दोष, सांभाळून घ्या.

सुरुवात १८६६ पासून करू. जॉर्ज लक्लांशे नावाच्या फ्रेंच माणसाने त्या वर्षी एक विद्युतघट तयार केला. काचेची बरणी, तिच्यात नवसागराचं पाणी, एका बाजूला जस्ताची कांडी, दुसऱ्या बाजूला कार्बन आणि मँगनीज डायऑक्साइड. तारायंत्रांना आणि दारावरच्या घंटांना हा घट फार उपयोगी पडला. पण बरणी भरलेली! ती खिशात कशी घालणार? कलती झाली की पाणी सांडलंच.

वीस वर्षांनी, १८८६ मध्ये, कार्ल गासनर या जर्मन माणसाने ही अडचण सोडवली. त्याने जस्ताचंच भांडं केलं आणि पाण्याऐवजी नवसागर घातलेला प्लास्टर ऑफ पॅरिसचा लगदा भरला. आता सांडायला काही उरलंच नाही. हाच 'कोरडा सेल'. म्हणायला कोरडा, आतून ओलसरच. उभा, आडवा, उलटा कसाही ठेवा. खिशातल्या दिव्याचा जन्म खरा इथे झाला, दिवा अजून बनायचाच होता तरीही.

दिवा आला १८९९ मध्ये. डेव्हिड मिसेल या इंग्रज संशोधकाला १० जानेवारी १८९९ रोजी अमेरिकेत पेटंट मिळालं. कागदाची नळी, तिच्यात एकामागे एक ठेवलेले सेल, टोकाला छोटा बल्ब आणि त्यामागे पितळी परावर्तक. झाली बॅटरी तयार! आजही कुठलीही बॅटरी उघडा, मांडणी तीच दिसेल. हे पेटंट होतं कॉनरॅड ह्यूबर्ट यांच्या कंपनीकडे. ह्यूबर्ट हे रशियन साम्राज्यातल्या मिन्स्क भागातून न्यूयॉर्कला आलेले ज्यू निर्वासित. मूळ नाव अकिबा होरोवित्झ. अमेरिकेत आल्यावर नाव बदललं, धंदे बदलले आणि शेवटी या दिव्यावर नशीब काढलं. कंपनीने काही नळ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना वापरायला दिल्या, त्यांनी त्या वाखाणल्या, आणि तीच जाहिरात झाली. पुढे 'एव्हररेडी' हे जे नाव झालं ते याच घराण्याचं. १९२८ मध्ये ह्यूबर्ट वारले तेव्हा त्यांच्या संपत्तीतले सुमारे ६० लाख डॉलर दानधर्मासाठी वाटले गेले.

आता 'फ्लॅशलाइट' या नावाची गंमत पाहा. त्या पहिल्या दिव्यातला बल्ब कार्बनच्या तारेचा. तो वीज खाणार भरपूर आणि उजेड देणार बेताचा. सेलही दुबळे. सलग दिवा लावला तर थोड्याच वेळात मंद व्हायचा. म्हणून क्षणभर लावायचा, पाहून घ्यायचं, विझवायचा, सेलला विश्रांती द्यायची. चमक, अंधार, चमक, अंधार. म्हणून 'फ्लॅश'! म्हणजे अमेरिकन लोकांनी दिलेलं नावसुद्धा खरं म्हणजे सेलच्या दुबळेपणाचंच नाव आहे.

सेलला विश्रांती कशाला लागते, हे आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर छान समजावून सांगत. सेल चालू असताना आत कार्बनच्या कांडीभोवती हायड्रोजन वायू जमतो आणि विजेची वाट अडते. मँगनीज डायऑक्साइड त्या वायूला हळूहळू खाऊन टाकतो, पण त्याचा वेग कमी. थोडा वेळ दिलात की तो आपलं काम उरकतो आणि सेल पुन्हा ताजातवाना वाटतो. आपल्या पिढीतल्या प्रत्येकाने उतरलेले सेल कधी ना कधी उन्हात ठेवले असतील. त्यात अंधश्रद्धा काही नव्हती. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया जरा जोर धरते, आणि दोन-चार रात्री निघतात. गरिबाचं विज्ञान ते, पण विज्ञानच.

१९१० मध्ये विल्यम कूलिज यांनी टंगस्टनची लवचीक तार काढायची युक्ती शोधली आणि बल्ब सुधारला. त्याच सेलवर आता जास्त आणि सलग उजेड मिळू लागला. नाव मात्र 'फ्लॅशलाइट' असंच चिकटून राहिलं.

मग आली महायुद्धं. १ सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट सुरू झाला. रस्त्यावरचे दिवे बंद, खिडक्यांना काळे पडदे. अंधारात माणसं एकमेकांवर आणि खांबांवर आपटू लागली. हातातली बॅटरी वापरायला परवानगी होती, पण काचेवर पातळ कागद लावून आणि उजेड खाली जमिनीकडे धरून. लगेच आठ नंबरच्या सेलचा तुटवडा पडला. दिवे घरोघर होते, सेल मिळेनात! तिकडे जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये फिलिप्स कंपनीने मुठीत दाबून चालवायची बॅटरी बनवली. आत छोटा डायनॅमो. दाबत राहिलं की उजेड, थांबलं की अंधार. दाबताना घुर्र घुर्र आवाज यायचा म्हणून डच लोक तिला 'चिमटा काढायची मांजर' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. सेल मिळत नसतील तर माणसाचा हात हाच सेल. मुद्दा पुन्हा तोच.

आपल्याकडे १९७१च्या डिसेंबरातल्या युद्धात ब्लॅकआउट झाला, तो माझ्या पिढीला चांगला आठवतो. खिडक्यांना काळे कागद, आणि बाहेर कुणी बॅटरी मारली की गल्लीतून एकच ओरड.

भारतात एव्हररेडी कंपनी नोंदली गेली १९३४ मध्ये, कलकत्त्याला. पुढे ती नॅशनल कार्बन कंपनी झाली, १९५९ मध्ये युनियन कार्बाइड इंडिया झाली. बॅटरीच्या नळ्या बनवण्याचा कारखाना लखनौला १९५८ मध्ये सुरू झाला. नऊ आकड्यातून उडी मारणारं ते मांजर कुणाला आठवत नाही? मांजराला नऊ जन्म असतात अशी इंग्रजांची समजूत, तिच्यावरून ते चित्र. याच कंपनीच्या भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यातून २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री विषारी वायू सुटला आणि हजारो माणसं मेली. घराघरात उजेड देणारं नाव आणि त्या रात्रीचं नाव एकच, ही गोष्ट आपण सोयीने विसरतो. इतिहास लिहायचा तर ती वगळता येत नाही. १९९४ मध्ये मालकी बदलली आणि १९९५ मध्ये कंपनीचं नाव एव्हररेडी इंडस्ट्रीज इंडिया झालं.

खेड्यात नोकरी केलेल्या माझ्यासारख्या मास्तरांना त्या काळातली पितळी बॅटरी म्हणजे घरातलं एक माणूसच वाटे. प्रौढ शिक्षणाचे रात्रवर्ग आटोपून परतताना पायाखालची वाट तिनेच दाखवली. तीत मोठे सेल लागत, ज्यांना आता 'डी' साइझ म्हणतात. ३४ मिलिमीटर जाड, ६१ मिलिमीटर उंच. दोन सेलची, तीन सेलची. पाटलांकडे पाच सेलची असायची, आणि तिचा झोत पार पलीकडच्या डोंगरावर जातो अशी गावभर कीर्ती. एव्हररेडीच्या एका पितळी बॅटरीचं नाव 'जीवनसाथी' होतं. नाव ठेवणाऱ्याला शाबासकी दिली पाहिजे. पण हा जीवनसाथी किल्ल्यांना अडकवण्यासारखा नव्हता, चांगला वजनदार गडी होता. रात्री निघताना आठवणीने घ्यावा लागे.

तर आता आपण किल्लीच्या जुडग्याकडे वळू.

बॅटरी आपोआप सोबत असावी, मुद्दाम घ्यावी लागू नये, ही कल्पना नीट उतरली ती १९८०च्या दशकात. अँथनी मॅग्लिका हे कॅलिफोर्नियातले यंत्रकारागीर. जन्म न्यूयॉर्कचा, बालपण क्रोएशियातल्या एका बेटावर गरिबीत गेलेलं. त्यांनी १९७९ मध्ये ॲल्युमिनियमची दणकट 'मॅगलाइट' काढली. पुढे ती लहान लहान करत १९८८ मध्ये 'सॉलिटेअर' आणली. एकच ट्रिपल ए सेल, म्हणजे आपल्या टीव्हीच्या रिमोटमधला बारका सेल, आणि किल्लीत अडकवायची कडी. उजेड किती? सुमारे २ ल्यूमेन! आजच्या जाहिराती वाचणाऱ्याला हसू येईल. पण कुलपाचं भोक शोधायला, जिन्याच्या पायऱ्या मोजायला तेवढा पुरत होता. शेपटीच्या टोपणात एक जादा बल्ब दडवलेला असे, कारण बल्बची तार पडलं-झडलं की तुटायची. म्हणजे सेल चांगला असूनही दिवा दगा द्यायची धास्ती होतीच.

ती धास्ती घालवली एलईडीने. तिची हकीकत म्हणजे स्वतंत्र लेखाचा विषय, पण थोडक्यात सांगतो. निक होलोनयाक यांनी १९६२ मध्ये लाल उजेडाची एलईडी करून दाखवली. नंतर हिरवी, पिवळी आली. निळी काही केल्या जमेना, आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड होईना. जपानमधल्या इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी वर्षानुवर्षं चिकाटीने काम करून तेजस्वी निळी एलईडी शक्य केली. नाकामुरा निचिया नावाच्या कंपनीत होते. तिने १९९३ मध्ये ती जाहीर केली आणि १९९६ मध्ये तिच्यावर पिवळा उजेड देणाऱ्या भुकटीचा थर देऊन पांढरी एलईडी बाजारात आणली. निळा अधिक पिवळा, डोळ्याला पांढरा. तिघांना २०१४ मध्ये पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. तुटायला तार नाही, फुटायला काच नाही. सुरुवातीच्या पांढऱ्या एलईडी एका वॅटमध्ये जेमतेम ५ ल्यूमेन देत, आज शंभराच्या वर देतात.

पण इथेही सेल आडवा आलाच बघा! पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्टचा दाब लागतो. रिमोटचा एक सेल देतो दीड व्होल्ट. म्हणजे एका सेलवर ती पेटणारच नाही. यावर दोन तोडगे निघाले, आणि आज दुकानात ज्या किल्लीच्या बॅटऱ्या दिसतात त्या या दोन तोडग्यांच्या आणि नंतर आलेल्या एका तिसऱ्याच्या वंशातल्या आहेत. हे एकदा कळलं की निवड सोपी होते.

पहिला तोडगा म्हणजे नाण्यासारखा चपटा लिथियम सेल. तो एकटाच तीन व्होल्ट देतो. त्यावर लिहिलेलं असतं सीआर २०३२. त्याचा अर्थ सोपा आहे, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. अमेरिकेत १९९०च्या दशकात 'फोटॉन' नावाची अशी चिमुकली बॅटरी निघाली, बोटाने दाबली की पेटणारी. मग तिच्यासारख्या असंख्य स्वस्त बॅटऱ्या आल्या. आपल्याकडे भारनियमनाच्या काळात स्टँडवर आणि लोकलमध्ये विकायला येत त्या याच जातीच्या. वजन नावालाच, आणि न वापरता हा सेल वर्षानुवर्षं टिकतो. दोष असा की साठा छोटा. उजेड पहिल्यांदा छान, मग हळूहळू उतरत जातो.

पण याहून मोठी एक गोष्ट आहे, ती आजी-आजोबांनी नीट वाचावी. हा नाण्यासारखा सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर तिथल्या ओलाव्यातून वीज वाहू लागते आणि दाहक अल्कली तयार होते. दोन तासांत आत गंभीर भाजू शकतं. २० मिलिमीटरचा सेल नेमका अडकायच्या मापाचा असतो. उतरलेला, 'संपला' म्हणून फेकलेला सेलही हे करू शकतो. मूल गिळल्याचं बोलत नाही, नुसतं लाळ गाळतं, खात नाही. शंका आली तरी थांबू नका, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या. अमेरिकेत २०२२ मध्ये यासाठी कायदा झाला, त्याला अशाच कारणाने गेलेल्या एका चिमुरडीचं नाव आहे. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर किल्लीला या जातीची बॅटरी नकोच. किल्ल्या हे लहान मुलांचं सर्वांत आवडतं खेळणं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरा तोडगा एका ट्रिपल ए सेलचा. आत छोटंसं सर्किट असतं, ते दीड व्होल्टला चढवून तीनपर्यंत नेतं. विहिरीचं पाणी पंपाने वरच्या टाकीत चढवावं तसं. सर्किट चांगलं असेल तर सेल संपत येईपर्यंत उजेड एकसारखा राहतो. या बॅटऱ्या करंगळीएवढ्या असतात. सर्वांत मोठा गुण म्हणजे तो सेल कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही मिळतो, आणि अगदीच नड पडली तर टीव्हीच्या रिमोटमधून काढून घालता येतो.

यात सांभाळायचं ते सेल पाझरणं. जुना सेल पाझरतो, कारण त्याचं जस्ताचं भांडंच वीज देता देता झिजत जातं. १९५९ मध्ये लुईस अरी यांच्या संशोधनातून अल्कलाइन सेल बाजारात आले. ते जास्त टिकतात, पण विसरून पडले तर तेही पाझरतात, आणि आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड धातू खातं. स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर धरलेली बॅटरी सगळ्यांनीच पाहिली असेल. म्हणून किल्लीच्या बॅटरीत निकेल मेटल हायड्राइडचा, पुन्हा चार्ज होणारा सेल घालावा. पूर्वी हे सेल नुसते ठेवले तरी काही आठवड्यांत उतरत. २००५ मध्ये जपानच्या सान्यो कंपनीने 'एनेलूप' आणला, तो वर्षभर पडून राहिला तरी बराचसा भरलेला राहतो. आता तशा जातीचे सेल इतरांचेही मिळतात. चार्जरचा खटाटोप नको असेल तर दीड व्होल्टचा लिथियम सेल घ्या. तो महाग, पण फार टिकाऊ आणि सहसा न पाझरणारा.

तिसरी जात नवी. मोबाईलसारखा लिथियम आयन सेल आतच बसवलेला आणि यूएसबीच्या वायरने चार्ज करायचा. लिथियम आयन सेल सोनीने १९९१ मध्ये प्रथम विकायला आणला. या बॅटऱ्या अंगठ्याएवढ्या, वजनाला हलक्या आणि उजेड डोळे दिपवणारा. पण बहुतेकींचा सेल बदलता येत नाही. तो काही वर्षांनी म्हातारा झाला की बॅटरीच टाकायची. आणि वीज जाऊन दोन दिवस झाले असतील तर ती चार्ज कुठे करणार?

आता त्या ल्यूमेनविषयी. २००९ मध्ये अमेरिकेत बॅटऱ्या मोजायचं एक प्रमाण ठरलं, त्याला 'एफएल वन' म्हणतात. खोक्यावर ते छापलेलं असतं. त्याचे नियम वाचण्यासारखे आहेत. उजेड मोजायचा तो लावल्यापासून अर्ध्या मिनिटानंतर आणि दोन मिनिटांच्या आत. म्हणजे ४०० ल्यूमेन लिहिलेली बॅटरी पाच मिनिटांनी गरम होऊन शंभरावर आली तरी खोक्यावरचा आकडा खोटा ठरत नाही! 'किती तास चालेल' हे मोजायचं ते उजेड मूळच्या एक दशांशावर येईपर्यंत. आणि 'झोत किती लांब' याची व्याख्या तर काव्यात्म आहे. जिथे उजेड पाव लक्स उरतो, म्हणजे निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, तिथपर्यंत. शंभर मीटर झोत याचा अर्थ शंभर मीटरवर चांदणं पडेल, ऊन नव्हे.

शिवाय आपला डोळा हिशेबाला कच्चा आहे. उजेड चौपट केला तर त्याला साधारण दुप्पट वाटतो. पण सेल मात्र चौपट वेगाने संपतो. डोळ्याला फसवता येतं, सेलला नाही.

कुणी म्हणेल, मोबाईलमध्ये दिवा आहे ना? आहे, आणि रोजच्या कामाला तो चांगलाच आहे. पण २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. लोक रात्रभर पाण्यातून चालत घरी गेले. तशी रात्र आज आली तर फोनमधला उरलासुरला चार्ज वाट दिसण्यासाठी जाळायचा की घरी 'मी सुखरूप आहे' हे कळवण्यासाठी ठेवायचा? दोन्ही कामं एकाच सेलवर आहेत, ही त्यातली मेख. किंवा किल्लारीची पहाट आठवा. ३० सप्टेंबर १९९३, तीन वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून दमून झोपलेली गावं, आणि वरून कोसळलेल्या दगडमातीच्या भिंती. अशा अंधारात हात लांबवला की लागेल असा आपला स्वतःचा उजेड जवळ असणं याची किंमत ल्यूमेनमध्ये कशी सांगणार?

रोजची गोष्ट बोलायची तर सापांची. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली बहुतेक खेड्यापाड्यांतली. तिथे लांब झोत कामाचा नाही. पावलापुढची दोन-तीन मीटर वाट स्वच्छ दिसणं कामाचं. २० ल्यूमेन त्याला भरपूर झाले. फक्त ते दर रात्री पेटले पाहिजेत.

तर माझ्या तिघा प्रश्नकर्त्यांना उत्तर असं.

हॉस्टेलवाल्या पोरी, तुला यूएसबीची छोटी बॅटरी चालेल. फोन चार्ज करतेस तेव्हा आठवड्यातून एकदा तिलाही लाव. बटण असं पाहा की पर्समध्ये दाबलं जाऊन आपोआप पेटणार नाही.

शेतावरच्या भाऊंनी एका ट्रिपल ए सेलची, ॲल्युमिनियमची, डोकं पिळून लावायची घ्यावी. पिळायच्या बॅटरीत बिघडायला बटणच नसतं. सांध्यावर रबराची बारीक कडी असेल तर पाणी आत जात नाही. तिला वर्षातून एकदा सिलिकॉन ग्रीसचं बोट लावावं.

आणि आमच्या वयाच्या मित्रवर्यांनी तीच घ्यावी, पण अशी की पहिल्यांदा लावल्यावर मंद उजेडच लागेल आणि पुन्हा पिळल्यावर मोठा. आपले डोळे अंधाराला सरावायला आता जास्त वेळ घेतात आणि झगझगीत उजेडाने लवकर दिपतात. मध्यरात्री ३०० ल्यूमेन डोळ्यांवर मारून घेतले तर त्यानंतर बाथरूमचा उंबरठा दिसायचा नाही, आणि या वयात एक पडणं फार महाग पडतं. दोन-तीन ल्यूमेन बस्स आहेत. किल्ल्या उशाशी ठेवा म्हणजे झालं.

एक शेवटची सूचना. जुना बल्ब मरण्याआधी पिवळा, मग लालसर होऊन निरोप देत असे. चांगल्या सर्किटची एलईडी शेवटपर्यंत तशीच लख्ख राहते आणि मग एकदम जाते. ती सांगणार नाही, आपणच विचारलं पाहिजे. मी दर अमावास्येला घरातल्या सगळ्या बॅटऱ्या एकदा लावून बघतो, सेल काढून टोकं कोरड्या फडक्याने पुसतो. पाच मिनिटांचं काम. तारीख लक्षात ठेवावी लागत नाही, कालनिर्णय भिंतीवर आहेच.

असो. बरंच लांबलं. तुमच्याकडे जुनी पितळी बॅटरी माळ्यावर पडलेली असेल तर खाली काढा, आत विसरलेले सेल असतील तर आधी तेवढे बाहेर काढा, आणि तिची काही आठवण असेल तर जरूर लिहून कळवा.